विलंबाचं कारण

मी पद्माकर सबनीस. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, विधी विभागात, चौतीस वर्षं खर्डेघाशी केली आणि अवर सचिव होऊन निवृत्त झालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत माझ्या बाजूने बोलणारी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही शेवटी माझ्याच अंगावर आली.

सरकार एखादा खटला हरलं की अपील करायचं की नाही, याच्या फायली आमच्याकडे यायच्या. अपील बहुतेक हायकोर्टात, आणि तिथली मुदत नव्वद दिवसांची. हे नव्वद दिवस आम्ही पुरेपूर वापरायचो. फाईल वर जायची, खाली यायची, 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पुन्हा वर जायची. साठ दिवसांच्या आत मसुदा तयार झाला तर साहेब चष्म्यावरून बघत विचारायचे, "इतकी घाई कसली?" घाई करतो तो कच्चा माणूस, हे माझ्या हाडीमाशी खिळलं होतं.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात मला नवी नोकरी लागली, बिनपगारी. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाचा भाडेकरू निघेना, की कागद आधी माझ्याकडे. "वकिलाकडे जायच्या आधी सबनीसकाकांना दाखवून घ्या," असं लोक एकमेकांना सांगायचे. मी कागद वाचायचो, समासात हिरव्या शाईने शेरा लिहायचो आणि खाली सही ठोकायचो. हिरवी शाई वापरण्याचा अधिकार मला नोकरीत असतानाही नव्हता, ती फार वरच्या साहेबांची. पण निवृत्त माणसाला कोण विचारतंय? लोक माझ्या दिवाणखान्यात गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, ते मला फार आवडायचं. आता लपवून काय उपयोग.

डिसेंबरात कुमुद रणदिवे आली. हिंदूराव हॉस्पिटलच्या उतारावर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, एका शाळेत ग्रंथपाल आहे. तिचा नवरा अशोक रेल्वेत होता, सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. ज्या घरात ती बावीस वर्षं राहते ते दोघा भावांनी मिळून बांधलेलं, पण कागदोपत्री धाकट्या भावाच्या, गुणवंतच्या नावावर. अशोक होता तोवर तो कागद कुणी उघडून बघितला नाही. तो गेल्यावर गुरुग्रामच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या गुणवंतला मात्र त्याची आठवण झाली. त्याने दावा लावला, की वहिनी माझ्या परवानगीने राहते, परवानगी संपली, तिला घर रिकामं करायला सांगा. दावा तीस हजारी कोर्टात दिवाणी न्यायाधीशापुढे चालला आणि ९ डिसेंबरला गुणवंतच्या बाजूने निकाल लागला. घर सोडायला तीन महिने दिले.

"काका, आता काहीच होणार नाही का?" कुमुदने विचारलं. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल तिने प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणली होती.

मी निकाल वाचला. खरोखरच कच्चा निकाल होता. दोघा भावांमधली पत्रं न्यायाधीशाने एका वाक्यात उडवून लावली होती. "होणार नाही म्हणजे? हा निकाल टिकणारच नाही," मी म्हणालो. "अपील करायचं. मुद्दे मी काढून देतो, वकील नंतर बघू."

"कधीपर्यंत करावं लागेल?"

मी पेन उघडलं आणि पहिल्या पानाच्या समासात लिहिलं, 'अपिलाची मुदत नव्वद दिवस. २ मार्चला सादर करावे.' खाली सही, तारीख. पुस्तक उघडलं नाही. चौतीस वर्षं नव्वदच तर मोजत आलो होतो. कुमुदने तो शेरा दोनदा वाचला आणि तिचा चेहरा जरा निवळला.

आता कायदा काय आहे तो सांगतो, हल्ली मला तो झोपेतही येतो. नव्वद दिवस हायकोर्टातल्या अपिलाला. खालच्या दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावरचं अपील हायकोर्टात जातच नाही. ते तिथेच, जिल्हा न्यायाधीशाकडे जातं, आणि त्याला मुदत तीस दिवसांची. नक्कल मिळायला लागलेले दिवस तेवढे वाढवून मिळतात. त्या हिशेबाने कुमुदचा शेवटचा दिवस होता १५ जानेवारी.

११ जानेवारीला, रविवारी सकाळी, हॉल नंतर मिळत नव्हता म्हणून संक्रांतीआधीच, मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. चाळीसेक माणसं जमली होती. गुणवंतही होता, तो कार्यकारिणीवर आहे. कुमुद एका टोकाला आणि तो दुसऱ्या टोकाला, चहाच्या टेबलापाशी. माझ्याभोवती नेहमीचं कोंडाळं होतं आणि कुणीतरी कुमुदच्या खटल्याचं विचारलं. गुणवंतला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला. "काळजीचं कारण नाही. नव्वद दिवस आहेत आपल्याकडे. आरामात करू."

"सॉरी काका," मागून आवाज आला. मयुरा सोमण. सत्तावीस वर्षांची असेल, तीन-चार वर्षं वकिली करते, मुनिरकात भाड्याच्या एका खोलीत राहते, कामही तिथूनच करते. "पण सिव्हिल जजचं जजमेंट आहे ना? मग डिस्ट्रिक्ट जजकडे जाणार. थर्टी डेज असतात, काका. एकदा चेक करून घ्या ना प्लीज."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. निदान मला तसं वाटलं. मी वळून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "बेटा, तू शाळेत डबा घेऊन जायचीस ना, तेव्हापासून मी अपिलं करतोय. आधी मुनिरकाच्या खोलीतून बाहेर पड, स्वतःचं ऑफिस थाट. मग मला शिकव." लोक हसले. गुणवंतही हसला. मयुरा लालबुंद झाली आणि "ठीक आहे काका," एवढंच म्हणून बाजूला झाली. कुमुद आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती.

संध्याकाळी घरी मी पुस्तक काढलं. एक पानभर मजकूरही नव्हता, दोन ओळी होत्या. हायकोर्टाला नव्वद दिवस. इतर कोणत्याही कोर्टाला तीस. मी त्या चार वेळा वाचल्या. "काय शोधताय?" विनयाने, माझ्या बायकोने, विचारलं. "काही नाही," म्हणालो आणि पुस्तक तसंच टेबलावर टाकून टीव्ही लावून बसलो.

चार दिवस हातात होते. तेवढ्यात अपील सहज दाखल झालं असतं. मयुराला एक फोन करायचा आणि म्हणायचं, 'तू बरोबर होतीस.' तेवढं मला जमेना. चाळीस माणसांसमोर जिला गप्प बसवलं, तिला दुसऱ्याच दिवशी फोन करायचा? मंगळवारपर्यंत सगळ्या मंडळात बोभाटा झाला असता, की सबनीसांना साधी मुदत ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी आठला कुमुदचाच फोन आला. "काका, रागावू नका हं. मयुरा म्हणत होती ना काल... नक्की नव्वदच ना? नाहीतर मी आज शाळेत हाफ डे टाकून कुणाला तरी विचारून येते."

"नव्वद," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण मी पुढे म्हणालो, "विश्वास नसेल तर खुशाल जा तिच्याकडे. फक्त मग परत माझ्याकडे कागद आणू नकोस."

"नाही, नाही काका. तसं नाही. सॉरी." तिनेच माझी माफी मागितली आणि फोन ठेवला.

मी वाईट माणूस नाही, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. त्या चार मिनिटांच्या फोननंतर मला ते धरून चालता येईना. दुपारी फोन करू म्हटलं, मग उद्या करू म्हटलं. बुधवारी फोन हातात घेतला आणि वीज बिल भरून खाली ठेवला. पंधरा तारीख आली आणि गेली. मग जुनी सरकारी सवय मदतीला धावून आली. विलंब माफ करून मिळतो, असे शंभर अर्ज मी स्वतः लिहिलेत, होईल काहीतरी. फेब्रुवारीत मुलाकडे पुण्याला जाऊन तीन आठवडे राहिलो. नातवाला क्रिकेटच्या क्लासला सोडायचं आणि कुमुदचा फोन आला की उचलायचा नाही, एवढंच काम. लाज वाटत होती, पण पकडलं जायची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

२ मार्चला सकाळी दहाला कुमुद दारात उभी. हातात फाईल. माझ्या शेऱ्यात ती तारीख होती ना. मी दोघांसाठी चहा आणला आणि म्हणालो, "कुमुद, मुदतीत माझी चूक झालीय. हायकोर्टाची सवय. इथे तीसच दिवस होते."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "असू दे काका. तुम्ही काय मुद्दाम थोडंच केलंत?"

मी चहा ढवळत बसलो. साखर कधीच विरघळली होती.

मयुराकडे जाणं आलंच. तिने त्या रविवारचा चकार शब्द काढला नाही, त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ५ मार्चला अपील दाखल झालं, एकोणपन्नास दिवस उशिराने. "लेट अपील घेतात, पण कारण लागतं," तिने कुमुदला समजावलं. "प्रत्येक दिवसाचं. जाणकार माणसाने चुकीची मुदत सांगितली आणि तुम्ही ती खरी मानलीत, हे कारण चालू शकतं. विलंब माफ झाला तर अपील ऐकतील. नाही झाला तर आतलं एक पानही कुणी उघडणार नाही, आणि घर सोडावं लागेल." माझा हिरवा शेरा तिने पुरावा म्हणून जोडला. तो कोर्टात जाणार याची मला लाज वाटली, पण मनातल्या मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो. चूक तर कुणाचीही होते.

पंधरा दिवसांनी गुणवंतचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की ११ जानेवारीला चाळीस लोकांसमोर एका वकिलाने वहिनीला खरी मुदत सांगितली होती. चार दिवस शिल्लक असूनही ती स्वस्थ बसली. तेव्हा चुकीच्या सल्ल्याची सबब खोटी आहे. मंडळातल्या तिघांची शपथपत्रं जोडली होती. शपथपत्रांतलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

मयुराचा फोन आला. "काका, मी तुमच्याकडून काही काढून घ्यायला बघत नाहीये. कुमुदताई म्हणतात त्यांनी बारा तारखेला सकाळी तुम्हाला विचारलं होतं. फोनमध्ये कॉल दिसतो, चार मिनिटांचा. बोलणं काय झालं ते तुम्हीच सांगू शकता. आणि जज विचारणारच, की मी टोकल्यावर तुम्ही पुस्तक पाहिलं होतंत की नाही. काय लिहू?"

"बघतो. सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

विनया समोर मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाहिलं होतंत. सोमवारी सकाळी ते पुस्तक मीच टेबलावरून उचललं. पान उघडंच होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी तिच्यावरच खेकसलो.

"तुम्ही मला कधी बोलू दिलंय? त्या पोरीला दिलंत का?" तिने सालं कागदात गुंडाळली. "न बघता चुकून सांगितलं, असंही लिहिता येईल तुम्हाला. नाव राहील. पण ती त्याच दिवशी दुसऱ्याला विचारायला निघाली होती आणि तुम्ही अडवलंत, सगळं माहीत असून. हे तुम्ही नाही लिहिलंत तर तिचं घर जाईल. मग मात्र मला मंडळात यायला सांगू नका."

शपथपत्र मी स्वतः लिहिलं. साडेतीनशे शब्दांचं. सरकारात असताना विलंबाची कारणं लिहायला माझा हात धरणारा कुणी नव्हता. 'फाईल प्रक्रियेत होती', 'संबंधित अधिकारी दौऱ्यावर होते', काय काय लिहिलंय. या वेळी क्रियापदाला कर्ता शोधावा लागत नव्हता. मी पाहिलं. मी सांगितलं. मी अडवलं. दर वाक्यानंतर मी उठून खिडकीपाशी जायचो.

तीस हजारीत टायपिस्ट पत्र्याखाली बसतात. आमचा टायपिस्ट वाचत वाचत टाइप करायचा, मोठ्याने. माझ्यामागे पाच-सहा माणसं खोळंबली होती. एका जागी तो थांबला. "अंकल जी, ये 'जानते हुए' काट दूँ? वकील लोग ऐसा नहीं लिखवाते।"

"रहने दो," मी म्हणालो. मागच्या माणसाने मान काढून माझ्याकडे पाहिलं.

सुनावणीला मंडळातले ते तिघेही आले होते. दोन-दोन वर्षं माझ्या दिवाणखान्यात बसलेली माणसं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी शपथपत्र शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "पद्माकर सबनीस कौन हैं?"

मी उभा राहिलो.

"ग्यारह तारीख़ की शाम को आपने क़ानून पढ़ लिया था?"

"जी।"

"और बारह की सुबह इनको ग़लत बताया। किसी और के पास जाने से भी रोका।"

"जी।"

"क्यों?"

हे कारण शपथपत्रात नव्हतं. लिहायला घेतलं होतं आणि खोडलं होतं. "शर्म आ रही थी, मैडम," मी म्हणालो.

"किस बात की?"

"कि इतने लोगों के सामने एक लड़की सही निकली।"

मयुराने फायलीतून डोकं वर काढलं नाही. मागे कुणीतरी खाकरलं. न्यायाधीश बाई माझ्याकडे बघायचं सोडून लघुलेखकाला सांगू लागल्या. अपीलकर्तीने शंका आल्यावर त्याच दिवशी विचारणा केली होती, तिची जाणूनबुजून दिशाभूल झाली, त्याची शिक्षा तिला देता येणार नाही. विलंब माफ. अपील ऐकलं जाईल, तोवर घराला हात लावायचा नाही. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. गुणवंत माझ्या शेजारून गेला आणि जाताना थांबून हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." त्याच्याकडून हे ऐकून घ्यावं लागलं.

मयुरा नकलेचा अर्ज द्यायला खाली गेली. जिन्यापाशी कुमुद आणि मी, दोघेच उरलो. त्या सकाळी तिने ते शपथपत्र पहिल्यांदा वाचलं होतं, तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. मी म्हणालो, "कुमुद, तुझी माफी मागायला तोंड नाही मला."

"काका, मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी फोनवर. तुमचं बरोबर असतं ना, तेव्हा तुम्ही चिडत नाही. दोन दोनदा समजावून सांगता. त्या दिवशी चिडलात." ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. "मी शाळेतून हाफ डे घेतला पण होता. मुनिरकाला गेले, मयुराच्या बिल्डिंगखाली पोचले. मग परत आले."

"परत का आलीस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तीन दिवस होते कुमुद, घर होतं तुझं!"

"तिच्याकडून अपील केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना, की तुमचं चुकलं. इतक्या लोकांत तुमचं तोंड पडलं असतं." तिने पर्स खांद्याला अडकवली. "अशोक गेला तेव्हा माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. तुम्ही पेन्शनचे सगळे कागद केलेत, उन्हाळ्यात चार चकरा मारल्यात. म्हटलं, तुम्ही सांगताय तर नव्वदच असतील. नसले तर बघू."

खाली कुणीतरी नावं पुकारत होतं.

"हे मात्र मयुराला नका सांगू," कुमुद म्हणाली. "केस बिघडेल म्हणेल ती. चला, इथे पायऱ्या फार झिजल्यात, जपून." आणि उतरताना तिने माझा हात धरला. मला तो सोडवून घेता येईना, आणि धरून ठेवायचीही लाज वाटत होती.